रुळांत आता सतत वीज असते

डीटमार मायदेशी गेला तेव्हा ह्यांना एक खोकं देऊन गेला:
एक इंजिन, चार डबे, वाटोळे रूळ
आणि एक काळी पेटी, वर शून्य ते शंभरचं बटण.
घुब्र्याला समुद्राचं पाणी गोडं करता करता
दोघांची तेवढीच मैत्री झाली होती.

रुवीतलं घर, तिसरा मजला.
देशात आगगाडी नाही. ह्यांच्या केळूसलाही नव्हती.
पहिली पाहिली ती मिरजेला, अकराव्या वर्षी,
तीसुद्धा उभी.

पेटीच्या पोटात तारेचं वेटोळं.
गाडी हळू हवी तर उरलेली वीज त्या तारेत जाळायची,
एवढंच तंत्र.
पेटी तापायची. दमट दिवसांत मऊ पडलेले पापड
मी तिच्यावर ठेवायची. ह्यांनी पाहिलं, बोलले नाहीत,
दुसऱ्या दिवशी स्वतःच सरकवून मधोमध ठेवले.
इंजिनाला मात्र हळू म्हणजे काय ते कळेना.
तीसपर्यंत ढिम्म, एकतिसाला उडी.

मग ट्रान्झिस्टर आले. ह्यांनी चार शुक्रवार घालवून
साबणाच्या डबीत नवी पेटी जोडली.
वीज आता सलग नाही, ठोक्याठोक्यानं.
इंजिन डासासारखं गुणगुणत मुंगीच्या चालीनं निघालं
आणि सालिम, कारखान्यातला उमेदवार, जेमतेम विशीचा,
टेबलाला कान लावून म्हणाला,
खरी गाडी असाच आवाज करते?
हे म्हणाले, हो. अगदी असाच.

दुसरं इंजिन आलं आणि पंचाईत झाली.
बटण फिरवावं तर दोन्ही धावतात,
रूळ एक, हुकूम एक.
मग रूळ करवतीनं कापले, अकरा तुकडे,
तुकड्याला एकेक खटका.
"चार सोडला!" "चार घेतला!"
दोघं ओरडणार, तिसरी मी
टेबलाखाली उताणी, दातांत टॉर्च,
शेवयांसारख्या तारांत तुटलेली शोधत.
कुडाळला खरी गाडी आली ती ह्याच दिवसांत.
आम्हाला रजा नव्हती.

नंतर नखाएवढी चिप आली, इंजिनाच्या पोटात बसणारी.
चहा निवत ठेवून हे मला समजावत बसले:
रुळांत आता सतत वीज असते, पूर्ण.
हुकूम त्याच विजेतून जातो, सगळ्यांच्या पायाखालून,
पण तीन नंबर पुकारला की तीननंच हलायचं.
इतकी वर्षं आपण रुळाला सांगत होतो,
आता गाडीला सांगतो.
मी म्हटलं, म्हणजे आपल्या बताक्यासारखंच.
कार्डावरचा नंबर पुकारला की खुर्चीतून उठायचं.
हे स्पिरिटच्या बोळ्यानं रूळ पुसत राहिले.

आता सालिमची मुलगी मझून फोनवरून गाडी चालवते,
मधेच कुणाला तरी मेसेज करते, गाडी चालूच.
ह्यांचा उजवा हात दोन वर्षांपासून थरथरतो,
बटण एका जागी राहत नाही.
सालिमनं चिपमधला एक आकडा बदलून दिलाय, जडपणाचा:
हुकूम कितीही अडखळत आला
तरी गाडी सावकाश वेग घेते, सावकाश सोडते.
हाताचा कंप चाकांपर्यंत पोचत नाही.
पहिल्यांदा ती तशी निघाली
तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडला.

व्हिसा ह्या महिन्याअखेर संपतो.
टेबल निझव्याला जाईल, सालिमकडे.
काळी पेटी माझ्या बॅगेत, पापडांखाली.
काल रात्री ह्यांनी डीटमारचं इंजिन काढलं,
ज्याच्यात चिप नाही, ज्याला नंबर नाही,
आणि नव्या रुळांवर ठेवलं.
ते निघालं नाही. जागच्या जागी उभं,
बारीक आवाजात गुणगुणत, तापत.
हे नुसते बघत होते.
मी म्हटलं, उचला आता. जळेल.